भिंतीपलीकडची वाटी

परवा ओळखीतल्या एका डॉक्टरबाईने मला काही शब्द ऐकवले. कन्सेंट, लिमिट, सेफवर्ड, आफ्टरकेअर. ज्या नवराबायकोला, किंवा कोणाही दोन मोठ्या माणसांना, बांधणं, बांधून घेणं, हुकूम देणं, हुकूम ऐकणं यात सुख वाटतं, त्यांच्यात हे शब्द रुळलेले आहेत म्हणे. आधी दोघांनी मोकळेपणाने ठरवायचं, काय चालेल आणि काय नाही ते बोलायचं, थांबायची एक खूण ठेवायची, आणि झाल्यावर एकमेकांची काळजी घ्यायची. या सगळ्याला बीडीएसएम असं नाव आहे, हेही तिनेच सांगितलं. नव्या शब्दांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. दारावर आलेल्या अनोळखी विक्रेत्याकडे बघावं तसं मी त्यांच्याकडे बघते. पण ती बोलत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र नंदुरबारची आमची जुनी खोली उभी राहिली होती.

साठ सालानंतरची गोष्ट. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते, हे कचेरीत कारकून. एकाच अंगणाभोवती चार बिऱ्हाडं होती. आमच्या भिंतीला भिंत लागून एक जोडपं राहायचं. तो कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर, आणि ती माझ्याहून थोडी मोठी, तिशी ओलांडलेली, मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायची. पथारी म्हणजे गावाबाहेरचं ते मोकळं रान, जिथे लाल मिरची वाळत घालतात. तिच्या अंगाला मिरचीचा वास यायचा आणि ती जवळून गेली की मला शिंक यायची.

मला त्या माणसाचा संशय होता. फार कमी बोलायचा. कमी बोलणारा पुरुष म्हणजे घरात जास्त बोलणारा, हे माझं तेव्हाचं ठाम मत, आणि आजही ते पूर्ण मोडलेलं नाही. जिनिंगला सुट्टी असली की दुपारी त्यांचं दार आतून लागायचं. बराच वेळ काही ऐकू यायचं नाही. मग कधीतरी पितळी वाटी फरशीवर पडल्याचा खणकन आवाज यायचा आणि त्यामागून एकदम शांतता. थोड्या वेळाने त्याचा हळू आवाज, पाणी ओतल्याचा आवाज. संध्याकाळी तो ओट्यावर बसून तिच्या मनगटांना खोबरेल तेल चोळायचा. आधी मारायचं आणि मग कुरवाळायचं! असे पुरुष मी माहेरी पाहिले होते. माझं डोकं फिरायचं.

घरमालकीण तर माझ्याही पुढची. ती म्हणायची, “वाटी फेकस तो तिना अंगवर. मी मन्हा कानवरी ऐकेल शे.”

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे अखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्याआधी कासार अंगणात येऊन बसतो आणि बायका नव्या बांगड्या भरून घेतात. त्या वर्षी आम्ही सगळ्या रांगेने हात पुढे करत होतो. ती मात्र उठेना. भर उन्हाळ्यात तिने लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं. घरमालकिणीने थट्टा करत तिचा हात ओढला आणि बाही वर सारली. मनगटाभोवती लालसर पट्टा होता. दुसऱ्या हातालाही तसाच. कासाराने मान खाली घातली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यातच सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता.

घरमालकिणीने त्याच दिवशी तिच्या भावाकडे निरोप धाडला. भाऊ येणार म्हणजे नेहमीसारखा अखाजीचं न्यायला येणार नव्हता. तिला कायमची घेऊन जाणार होता, आणि त्या फिटरला चारचौघांत धोपटणार होता.

दुसऱ्या दिवशी ती पथारीवर गेली नाही. मी तिच्या खोलीत गेले. तो कामावर होता, म्हणूनच गेले. दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं, “तो मारतो तुम्हाला?”

“नही.”

“मग हे?”

ती मान खाली घालून, पण स्वच्छ बोलली. “मीच सांगस त्याले. बांधाले मीच सांगस. माले बरं वाटस.”

मला खरं वाटलं नाही. बायका नवऱ्याला वाचवायला काय काय बोलतात ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, “हे त्याने शिकवलं तुम्हाला बोलायला.”

“त्याले ते सुरवातले लाज वाटे. नकोच म्हने.” ती थोडी हसली. “वाटी मन्हा हातमा ऱ्हास. मी सोडी दिधी का तो थांबी जास. लगेच. दोर सोडस, पानी देस, तेल लावस.”

म्हणजे वाटी फेकत कोणी नव्हतं. तरी माझा संशय सुटेना. मी वकिलासारखी विचारत राहिले. “आणि एखाद्या दिवशी नाही थांबला तर?”

“ते मी निंघी जासू. तेबी ठरेल शे.” तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. “मास्तरीनबाई, तुम्ही जवय नको म्हनतस, तवय तुमना घरवाला थांबस का?”

मला तिचा भयंकर राग आला. ही कोण मला विचारणारी? माझ्या अंगावर एक ओरखडा दाखव म्हणावं! मी उठले आणि घरी आले.

संध्याकाळी भाऊ आला. सोबत गावचे दोघे. फिटर नुकताच कामावरून आला होता, हाताला अजून ग्रीस. तो अंगणाच्या मधोमध उभा होता आणि त्याने स्वतःच्या बचावाला एक शब्द काढला नाही. काढला असता तर तिचं गुपित उघडं पडलं असतं. ती दारात होती, पांढरीफटक. भावाने तिला सामान भरायला सांगितलं. ती म्हणाली, “मी नही येवाव.” तिचं कोणी ऐकूनच घेत नव्हतं. मार खाणारी बाई असंच बोलते, असं घरमालकीण म्हणाली. काल मीही हेच म्हटलं असतं.

मग भाऊ माझ्याकडे वळला. “मास्तरीनबाई, तुमनी भीतले भीत शे. शिकेल शेतस तुम्ही. खरं सांगा, हाऊ मारस का मन्ही बहीनले?”

सगळं अंगण माझ्या तोंडाकडे बघत होतं. हे आमच्या दारात उभे होते. माझा पूर्ण विश्वास बसला होता असं नाही. पण तिने एकदा खोलीत आणि एकदा अंगणात नाही म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि ते ऐकून घेणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

“नाही मारत,” मी म्हटलं. “आणि ती येत नाही म्हणते आहे. ऐका की तिचं.”

भाऊ घुटमळला. मास्तरणीच्या शब्दाला तेव्हा वजन होतं. शेवटी अखाजीपुरतं माहेरी यायचं ठरलं. ती आपल्या हाताने पिशवी भरायला आत गेली. फिटरने डोळे पुसले, ते मी पाहिलं.

मी घरात आले. ह्यांनी दार लावून घेतलं. “काय, मारत नव्हता ना? मग उगाच तमाशा,” म्हणाले आणि माझा दंड धरला. मी म्हटलं, आज नको.

दंड न सोडताच हे हसले. रोज हसायचे तसेच.