माझ्या वाट्याची मर्यादा

ह्यांना जाऊन तीन महिने झाले, तेव्हा मी त्यांच्या पीपीएफ खात्याचे पैसे घ्यायला बँकेत गेले. ह्यांची कापसाच्या जिनिंगमधली नोकरी, पेन्शन नाही. म्हणून म्हातारपणासाठी त्यांनी करात सूट देणारं हे खातं वर्षानुवर्षं भरलं. पाच एप्रिलच्या आत पैसे टाकले की वर्षभराचं व्याज पदरात पडतं, त्यामुळे ती तारीख त्यांनी कधी चुकवली नाही. त्यात माझ्या ब्लाउज शिवण्याचे पैसेही असत. मला आता एवढंच हवं होतं, की अमरावतीचं घर सुटू नये. अकोल्याला मुलाकडे जावं ते चार दिवस, अन् परत यावं. त्यासाठी हा पैसा वाढता राहणं भाग होतं.

एका वर्षी लग्नसराईत माझं शिवण जोरात चाललं होतं. ह्यांनी सगळंच खात्यात घातलं. वर्षाला मर्यादा दीड लाखाची, वरचे पैसे काही महिन्यांनी बिनव्याजी परत आले. तेव्हा बँकेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "भाऊ, वहिनींच्या नावानं खातं काढा ना. त्यांची मर्यादा वेगळी रायते."

हे म्हणाले, "एका घरात दोन खाते कायले पायजेत? तिचं अन् मायं काय अलग हाये का?"

मी हसले. मला ते प्रेमाचं बोलणं वाटलं, आणि ते होतंही. परत आलेले पैसे कुठे गेले, आठवत नाही. बहुतेक फ्रीज आला.

आता समोर त्याच बाई होत्या. खातेदार गेला की खातं बंद होतं, वारसाला ते पुढे चालवता येत नाही, असं त्यांनी समजावलं.

"मंग माया नावानं नवं काढा, अन् सगळे त्यात टाका," मी म्हटलं.

"सगळे नाही टाकता येत ताई. या वर्षी दीड लाखच."

"अन् मागचे वर्षं? तवा तं माया नावानं काईच नाही टाकलं. ते आता भरून घ्या."

त्या म्हणाल्या, "ज्या वर्षाची मर्यादा, ती त्याच वर्षी. मांगची नाही भेटत."

मी चौपन्न वर्षांची. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! मला ह्यांचा राग आला, गेलेल्या माणसाचा. त्याहून जास्त स्वतःचा आला. मला कोणी अडवलं नव्हतं, मी मागितलंच नव्हतं.

दीड लाख भरले. उरलेले साध्या ठेवीत टाकले, तिथे व्याजावर कर लागतो. एवढ्या पैशात घर टिकेल की नाही, हे त्या बाईंनाही सांगता येईना.

तेरा दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडले होते, ते सगळं ह्यांच्यासाठी. त्या दुपारी बँकेच्या पायरीवर बसून पहिल्यांदा माझ्यासाठी रडले.