चुना मारायचा राहिला

ताज्या डांबराचा वास आला की कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतला आमचा राळेगावचा रस्ता आठवतो. खड्डे होते तोवर तिथे कोणी मेलं नव्हतं. रस्ता गुळगुळीत झाला, जीपा सुसाट निघाल्या आणि शेळ्या वळवणारी एक म्हातारी चिरडली गेली. संतापलेल्या माझ्या काकांनी गाव जमवून मुरूम-दगडांचा उंच ब्रेकर घातला. "आता कसे पळतेत, पाहतो!" दिसावा म्हणून चुना मारायचा, ते उद्यावर ठेवलं. कापूस विकायला गेलेला त्यांचा मुलगा त्याच संध्याकाळी मोटरसायकलवर परतला, गुळगुळीत रस्त्याच्या भरवशावर. मेलेल्या पोराचं डोकं मांडीवर घेऊन काका एवढंच म्हणत राहिले, "तुले सांगाचंच राह्यलं, बापा." गावाने ब्रेकर उखडला. जीपा अजून सुसाटच आहेत. तिथे फक्त माझी गाडी हळू होते.