मीनाकामाच्या तबकड्या आणि एक फिर्याद

नोकरीत हाताखालून शेकडो गुन्हे गेले. त्यांतले पुष्कळसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कसबा पेठेतल्या तबकड्यांचे प्रकरण मात्र अजून स्वच्छ समोर उभे राहते, आणि त्यात कुणाला साधे खरचटलेसुद्धा नव्हते.

मी तेव्हा त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून मी ठाण्याची दैनंदिनी चाळत होतो, तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांचा मुलगा आत आले. गृहस्थांना पेठेत सगळे अण्णा म्हणत. मीही इथे तेवढेच म्हणतो. अण्णा मीनाकाम करत. रुपयाएवढ्या धातूच्या पत्र्यावर काचेची रंगीत पूड बसवायची, ती भट्टीत भाजायची, निवली की वर दुसरा रंग चढवायचा आणि पुन्हा भट्टी. अशा थरांमधून एखादा पक्षी उमटतो, आणि तो पत्रा परदेशातल्या महागड्या मनगटी घड्याळाची तबकडी होतो. एका परदेशी कंपनीसाठी केलेल्या सहा तबकड्या अण्णांच्या कपाटातून नाहीशा झाल्या होत्या.

बोलत होता तो मुलगा. अण्णा नुसते खाली पाहत बसले होते.

"साहेब, कपाटाची एक किल्ली त्यांच्या शिष्येकडे असते. दहा वर्षं शिकली आमच्याकडे. मागच्या महिन्यात भांडून गेली. तिला आत घ्या, लगेच बोलेल."

"कुणाला आत घ्यायचं ते आम्ही ठरवतो. आपण आधी चहा घ्या," मी म्हणालो.

चहा आला. अण्णांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, उचलला आणि तसाच खाली ठेवला. फिर्याद लिहून झाल्यावर सहीसाठी कागद पुढे केला, तर म्हणाले, "चष्मा राहिला घरी. अंगठा चालेल का?" हवालदाराने शाईचा पॅड सरकवला. ज्याच्या रेषांची परदेशात वाहवा होते, तो माणूस आमच्या टेबलावर अंगठा उठवत होता. ते माझ्या डोक्यात राहिले.

पंचनाम्यात विशेष काही मिळाले नाही. कपाटाचे कुलूप शाबूत होते, म्हणजे ते किल्लीनेच उघडले होते. संशयाचा काटा सरळ शिष्येकडे वळत होता.

तिला दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावले. महिला उपनिरीक्षक शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली. तिशीची मुलगी, आर्ट कॉलेजात शिकलेली. हडपसरच्या जुन्या गावठाणातले तिचे वडील दाराबाहेर उभे होते. आत येण्याआधीच त्यांनी मला सांगून टाकले होते, "सायेब, माझी पोरगी चोर न्हाय. बाकी तुमी काय विचारायचं ते विचारा."

मी तिला विचारले, "तबकड्या कुठे आहेत?"

"मला माहीत नाही."

"किल्ली तुमच्याकडे होती."

"अजूनही आहे. ही घ्या." तिने किल्ली टेबलावर ठेवली. "तुम्ही मघापासून एकच विचारताय, तबकड्या कुठे गेल्या. कोणी केल्या, ते एकदा तरी विचारा."

"कोणी केल्या?"

"मी. सहाच्या सहा. त्याआधीच्या दोन वर्षांतल्यासुद्धा. खाली नाव सरांचं. माझंही नाव घाला असं मी म्हटलं, ते नाही म्हणाले. म्हणून मी जायचं बंद केलं."

"एवढे मोठे कलावंत तुमच्याकडून का करून घेतील?"

तिने ओठ मिटले. मी पुन्हा विचारले, आवाज चढवूनही विचारले.

"ते त्यांना विचारा," एवढेच ती म्हणाली.

खोटे बोलणारा माणूस सहसा कारणे भरभरून देतो. या मुलीकडे कारण होते आणि ती ते देत नव्हती. कुणाला तरी सांभाळून घेत होती, आणि तेही स्वतःवर बालंट आलेले असताना.

दरम्यान बातमी पेपरात आली. 'शिष्येवर संशय' असे त्यात स्पष्ट छापले होते. अण्णांच्या मुलाने कुणाकुणाला गाठले होते. अटक का होत नाही, असे विचारणारे फोन वरून येऊ लागले. मी प्रत्येकाला एकच उत्तर दिले. पुरावा दाखवा, लगेच अटक करतो.

खबर मिळाली ती रिक्षा स्टँडवरून. आमच्या हवालदाराची तिथे रोजची ऊठबस. एका रिक्षावाल्याने बोलता बोलता सांगितले की चोरीची फिर्याद झाली त्याच्या आदल्या दिवशी त्याने अण्णांना कोथरूडला बहिणीकडे सोडले होते. "मांडीवर स्टीलचा डबा. खड्डा आला की 'अरे सावकाश, सावकाश' म्हणून ओरडायचे. मी म्हटलं, डब्यात आहे तरी काय?"

मी स्वतः कोथरूडला गेलो. सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर अण्णांच्या भगिनींनी दार उघडले. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, बाहेर जायच्या तयारीत असलेल्या बाई.

"अण्णा इथे आले होते का?" मी विचारले.

"आले होते. लाडवांचा डबा ठेवून गेले. उघडू नकोस, म्हणाले. अहो, लाडू कुणी 'उघडू नकोस' म्हणून देतं का?"

"आपण उघडलात?"

"मुलांची दप्तरं तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. उघडला, पण म्हटलं असेल काही त्याचं काम. आज पेपर वाचला आणि साडी बदलून तुमच्याकडेच निघाले होते." त्यांनी डबा आणून टेबलावर ठेवला. "एक सांगा, तुम्हाला इथवर यायला इतके दिवस का लागले?"

मी पंच बोलावून जप्ती केली. कापसावर सहा पक्षी ठेवलेले होते. त्यांतला स्वर्गीय नर्तक मला अजून दिसतो. पांढऱ्या शेपटीची लांब पिसे तबकडीच्या कडेपर्यंत वळून आलेली, मागे बांबूच्या पानांचा हिरवा अंधार. रुपयाएवढ्या जागेत कुणी एवढा जीव ओतू शकते, यावर माझा विश्वास बसेना.

संध्याकाळी अण्णांना ठाण्यात आणले. मुलाला बाहेर थांबवले आणि डबा त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी डब्याकडे पाहिले नाही.

"अण्णा, ही मुलगी आज ना उद्या कोठडीत गेली असती. आपण बघत बसणार होतात?"

अण्णा खुर्चीत आणखी मागे सरकले.

"तिला मी परत परत विचारलं, सरांना तुमची गरज का पडली? तिनं तोंड उघडलं नाही. अजून आपली अब्रू राखतेय ती."

तेव्हा त्यांनी उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. त्यांनी डाव्या हाताने तो दाबून धरला, तर दोन्ही थरथरू लागले.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, वाढतच जाणार. घरात कुणाला सांगितलं नाही, फक्त तिला माहीत. पुढच्या आठवड्यात कंपनीचे लोक येणार होते, मला काम करताना कॅमेऱ्यात घ्यायला. काय करून दाखवणार होतो मी? म्हटलं, माल चोरीला गेला की येणं टळेल. नंतर सापडला म्हणून सांगेन. तिचं नाव मी घेतलं नव्हतं, साहेब. मुलानं घेतलं."

"आपण गप्प राहिलात."

"हो. गप्प राहिलो."

गुन्हा उलगडला होता. खरा पेच पुढे होता. खोटी फिर्याद निघाली की पोलीस न्यायालयाकडे अहवाल पाठवतात. 'सी समरी' म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाली. 'बी समरी' म्हणजे ती जाणूनबुजून खोटी दिली, आणि मग फिर्याद देणाऱ्यावरच कारवाई होऊ शकते. अण्णांचा मुलगा हात जोडून सी मागत होता. पेठेतली चार वजनदार माणसे येऊन गेली. वरिष्ठही म्हणाले, "म्हातारा माणूस आहे, आजारी आहे. मिटवून टाका."

मी त्या शिष्येला बोलावून दोन्हींचा अर्थ समजावून सांगितला. अण्णा आणि त्यांचा मुलगा समोरच बसले होते.

ती म्हणाली, "साहेब, माझ्या वडिलांना गावात लोक विचारतात, पोरगी सुटली का? सुटली का, असं! गैरसमज झाला म्हणालात तर उद्या कुणीही म्हणेल, काहीतरी असेल म्हणूनच झाला. सरांना त्रास व्हावा असं मला वाटत नाही. पण खोटं होतं, तर खोटं लिहा."

अण्णांचा मुलगा तिच्यावर उसळला. अण्णांनी त्याला हाताने अडवले.

"ती म्हणते तसंच लिहा," ते म्हणाले.

मी बी समरी पाठवली. वरिष्ठ काही दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होते. पुढे न्यायालयात अण्णांनी गुन्हा कबूल केला. वय आणि प्रकृती पाहून त्यांना दंडावर सोडले. कंपनीचे लोक आले तेव्हा अण्णांनी कॅमेऱ्यासमोर बसून सांगितले की हे पक्षी माझे नाहीत. ते लोक गोंधळून परत गेले. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी नवे काम दिले, ते थेट तिला.

निवृत्तीनंतर एकदा हडपसरला गेलो असता तिच्या घरी डोकावलो. वडिलांच्या घराला लागून तिने एक खोली बांधली होती. भट्टी पेटलेली होती, ती चिमटा घेऊन उभी होती, आणि शेजारच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून, अण्णा बसले होते. भट्टीच्या छोट्या झरोक्यावर त्यांची नजर खिळली होती.

"सर, काढू?"

"थांब."

आम्ही सगळेच थांबलो.

"हं. काढ."

तिने तबकडी बाहेर काढली. हिरवा रंग आरशासारखा बसला होता. अण्णा मागे टेकले.

निघताना मी तिला दारात विचारले, "यांना परत कसं काय बोलावलंत?"

"बी समरी झाली म्हणून बोलावता आलं, साहेब. मिटवामिटवी झाली असती, तर त्यांचं तोंडसुद्धा बघितलं नसतं मी."

मिटवून टाका, हे शब्द मी सगळ्या नोकरीत ऐकत आलो होतो, आणि सांगणारे बहुधा भली माणसेच असत. मिटवण्यात दया आहे असे त्यांना मनापासून वाटे. ज्याच्यावर आळ आला त्याला मात्र कुणी विचारत नाही. त्या दिवशी मी विचारले होते, आणि तिने सांगितले तेच कागदावर उतरवले होते. त्या दोघांना पुन्हा एका भट्टीपाशी बसता आले ते त्या कागदामुळे, असे ती म्हणते. माझ्यासारख्या पोलिसाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कुठले मिळणार?