ज्याची चूक, त्याचा चहा

पुढाऱ्याच्या वाढदिवसाला जेसीबीतून फुलं उधळायची, असा आमच्या भागात आता रिवाजच पडला आहे. मागच्या खेपेला विरोधी गटानं एका दमात अकरा जेसीबी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे केले आणि आमच्या साहेबांच्या माणसांना अन्न गोड लागेना. बारा उभे करावेत तर लोक नक्कल म्हणणार. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं, की फुलं थेट आभाळातूनच पडावीत आणि ती टाकायला माणूसही आभाळातूनच यावा. आष्टी तालुक्याच्या आमच्या कोपऱ्यात असला उद्योग करणारा एकच इसम आहे, तो मी.

मी फौजेत होतो, पॅराशूटवाल्यांच्या तुकडीत. म्हणजे नेमकं काय करतो, हे गावाला कधी नीट कळलं नाही. सुट्टीवर आलो की पारावर एक प्रश्न ठरलेला, "इमान चांगलं चालू असताना उडी कामून मारतो रं?" याला आजवर मला उत्तर सुचलेलं नाही. निवृत्त झाल्यावर आम्ही तिघा जुन्या सोबत्यांनी एकमेकांना सोडलं नाही. कुठून प्रात्यक्षिकाचं बोलावणं आलं की तिघं मिळून जातो. सगळ्यात थोरले उस्ताद. साताऱ्याकडचे, पांढऱ्या मिशांचे, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. मला पहिली उडी त्यांनीच शिकवली, म्हणजे पाठीवर थाप मारून दाराबाहेर घातलं. दुसरा कोल्हापूरकर. माझ्याच उंचीचा, माझ्याच अंगाचा, आणि उडीच्या आधीही पोटभर जेवू शकणारा.

साहेबांसाठी मी खुर्चीवरूनसुद्धा उडी मारली नसती. मी हो म्हटलं ते मायसाठी. तिनं अर्धं आयुष्य परमुलखात ऊस तोडण्यात घालवलं. माझ्या शेकडो उड्या झाल्या, त्यातली एकही तिनं पाहिली नव्हती. तिला दिसलं ते फक्त सुट्टीवर येऊन खाटेवर लोळणारं पोरगं. आता तिचं वय झालंय. सुईत दोरा अजून स्वतः ओवते, गावात कुणाच्या घरी बाळ जन्मलं की गोधडी तिच्याच हातची लागते, पण किती दिवस? तिचे डोळे शाबूत आहेत तोवर एकदा तिच्यासमोर आभाळातून उतरावं, एवढंच मला हवं होतं.

साहेबांच्या उजव्या हाताला सगळे भाऊ म्हणतात. भाऊंच्या घरी बैठक झाली. भाऊंची पहिली सूचना अशी, की डोक्याला हेल्मेटऐवजी फेटा बांधावा.

"टोपडं घालून उतरलं तर फोटूत शान काय राहती, फौजी?"

मी म्हटलं, फेटा वरच सुटेल आणि माझ्याआधी खाली येईल. भाऊ जरा हिरमुसले. मग त्यांनी विचारलं, की स्टेजवर नेमकं साहेबांच्या पुढ्यात उतरून, उतरता उतरताच हार घालता येईल का. मी म्हटलं, हार घालता येईल, पण साहेब जागेवर राहणार नाहीत. बैठक तिथंच आटोपली. तोवर फलक छापून झाले होते. साहेब हात जोडून मधोमध, बाजूला ढगात लोंबकळणारा मी, वर 'भूमिपुत्राची आकाशझेप'. आष्टीपासून पार नांदूरघाटापर्यंत मी विजेच्या खांबांवर लटकत होतो.

आता थोडं सामानाविषयी. पाठीवर एक पिशवी असते, तिच्यात दोन पॅराशूट. एक रोजचं, एक राखीव. पिशवीच्या तळाशी एक खिसा असतो आणि त्यात एक लहानसं पॅराशूट घडी घालून कोंबलेलं. त्याची मूठ तेवढी बाहेर असते. वर असताना ती मूठ ओढायची आणि छोटं पॅराशूट वाऱ्यात सोडून द्यायचं, मग ते मोठ्याला ओढून बाहेर काढतं. मूठ अलगद निघाली पाहिजे. एवढ्याशा गोष्टीवर माणूस जमिनीवर उतरणार की आपटणार, हे ठरतं.

म्हणून आमच्यात दोन नियम आहेत. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, तेव्हा प्रत्येकाची पाठ दुसऱ्यानं तपासायची. हा पहिला. दुसरा नियम उस्तादांचा. ज्याच्या सामानात चूक सापडेल, त्यानं ती सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायची आणि स्वतःच्या हातानं सगळ्यांना चहा करून पाजायचा. लपवलेली चूक पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर बसते, असं ते म्हणतात. कोल्हापूरकराच्या हातचा चहा आम्ही पुष्कळदा प्यालो आहोत. उस्तादांच्या हातचा अजून कुणी चाखलेला नाही.

आदल्या दिवशी मी घरीच मुक्काम केला. संध्याकाळी ओट्यावर सगळं सामान पसरून तपासलं, मूठ दोनदा ओढून पाहिली, परत खिशात बसवली. माय शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिनंही मूठ ओढून पाहिली आणि म्हणाली, "लई सैल हाय रं हे." मी हसलो. वीस वर्षं जवानांना शिकवलेला माणूस मी, पण आईला एक वाक्य समजावून सांगायचा कंटाळा केला. सकाळी अंघोळ करून आलो तर पिशवीला हळदीकुंकू लावलेलं, वर एक फूल. आमच्याकडे दसऱ्याला कोयता, पाभर, ट्रॅक्टर सगळ्यांची पूजा होते, तशी हिनं पॅराशूटची केली होती. मला भरून आलं. मी फोटो काढला, पिशवी जीपमध्ये टाकली आणि निघालो.

विमान शेजारच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर होतं. आम्हाला निरोप द्यायला म्हणून भाऊंच्या गाड्यांचा ताफा आधीच पोचला होता. विमानाच्या चाकाखाली लिंबं ठेवली होती. वैमानिकाच्या कपाळाला टिळा आणि गळ्यात शाल, आणि चेहऱ्यावर ही नोकरी आपण का धरली असा भाव. आम्हा तिघांनाही हार घातले. उस्तादांनी एकेकाच्या गळ्यातून ते शांतपणे काढले, कारण हाराचा दोरा मुठीत अडकतो.

"पाठ फिरव," ते मला म्हणाले.

"उस्ताद, कालच दोनदा बघितलंय. लोकं थांबलीत."

"कालचं काल झालं. फिरव."

मी फिरलो, पण कपाळाला आठी घालूनच. भाऊ मोबाईलवर चित्रण करत होते आणि माझ्याच तालुक्यातल्या माणसांसमोर माझी शाळेतल्या पोरासारखी तपासणी चालली होती. मला त्याचा राग आला होता, हे खोटं कशाला बोलू? उस्तादांचा हात तळाच्या खिशापाशी आला आणि थांबला. त्यांनी मूठ ओढली. हलली नाही. चष्मा वर सरकवून त्यांनी वाकून पाहिलं.

"हे कुणी शिवलं?"

काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं घातलेले दोन टाके. बारीक, सरळ, एका मापाचे. गावातल्या निम्म्या गोधड्यांवर मी ते टाके पाहिलेले होते. मला विचारावं लागलं नाही.

तरी तोंड चालूच होतं. मी म्हटलं, कापून टाका दोरा, दोन मिनिटांचं काम आहे.

"सुई आत कुठवर गेली ते मला दिसत नाही," उस्ताद म्हणाले. "तू बस."

"माझी आई खाली वाट बघतेय, उस्ताद."

"म्हणूनच म्हणतो, बस."

आमच्यात एकदा 'बस' म्हटलं की अपील नाही. मी पट्टे सोडले.

खरं संकट भाऊंवर कोसळलं. "फौजी, नांदूरघाटापातुर तुझे फोटू लावलेत. आता काय खरडून काढू का?" पण संकटात मार्ग काढतो म्हणून तर माणूस उजवा हात होतो. साहेब नेहमीप्रमाणे दोन-अडीच तास उशिरा येणार होते आणि ते येईपर्यंत विमान उडणार नव्हतं. भाऊंनी मला जीपमध्ये कोंबलं आणि बेत सांगितला. मी गावात जाऊन मंडपामागं लपायचं. दोघं उतरले की धूळ उडेल, लोक धावतील, त्या गर्दीत मी हळूच मिसळायचं. "दोन उतरले का तीन, कोण मोजतंय? पब्लिक मोजत नसती, फौजी. मतदानाला मोजत न्हाई, तर हितं काय मोजंल?"

माझ्यासारख्या माणसानं भाऊंना तिथंच झापायला हवं होतं. मी गप्प बसलो. मायला काय सांगायचं, या विचारानं माझी मती गुंग झाली होती. खरं सांगावं तर तिच्या हातानं काय झालं असतं, तेही सांगावं लागणार. त्यापेक्षा धुळीतून गेलेलं बरं, असं मला वाटलं.

बाजाराच्या मैदानावर मंडप होता. त्याच्या मागं कनातीला एक फट होती, तिथून मी पाहत उभा राहिलो, अंगात उडीचा पोशाख, पाठ मोकळी. माय पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या लुगड्यात. साहेब आले. विमानाचा आवाज आला. निवेदकाचा आवाज चिरकला, "पाहा बंधूंनो, आकाशातून येत आहेत तीन वीर!"

दोनच ठिपके सुटले. पॅराशूट उघडली, फुलं पडली. निम्मी शेजारच्या तुरीत गेली, पण साहेबांनी दोन्ही हात वर करून ती झेलल्याचं केलं. कोल्हापूरकर आणि उस्ताद मैदानाच्या मधोमध उतरले. झुंड धावली आणि "भूमिपुत्राचा विजय असो" म्हणत कोल्हापूरकराला खांद्यावर घेतलं. तो ओरडून सांगत होता की मी नव्हे तो, पण ढोलांपुढं कोण ऐकतो? भाऊंचं बरोबर होतं. कुणीच मोजलं नाही.

एका माणसानं मोजलं होतं. सगळा गाव खाली पाहून नाचत असताना माय खुर्चीवरून उठली होती, कपाळावर हाताचा आडोसा धरून वर पाहत होती. पुन्हा मैदानावरच्या दोघांकडे पाहिलं, पुन्हा वर. शेजारच्या बाईचा दंड धरून ती काहीतरी विचारत होती. तिचे ओठ मला तेवढ्या अंतरावरूनही कळले. "तिसरा कुठं हाय?"

मी कनात फाडूनच बाहेर आलो म्हणा ना. मला पाहून ती आधी खुर्चीवर बसली, मग उठली आणि सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली. मग तोच हात माझ्या तोंडावरून फिरवत राहिली. "कुठं गेलतास रं? मला वाटलं तू वरच ऱ्हायलास." मला लाज वाटली. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी तिघं आमच्या ओट्यावर बसलो. मी मायला म्हटलं, पट्टा जरा बिघडला होता म्हणून उडी मारली नाही. उस्ताद माझ्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसायला लागले. मग मी सांगितलं. तिला मान खाली घालून, सगळं, टाक्यांसकट.

ती म्हणाली, "जरा हात लागला की बाहीर येत व्हतं. वाटंत पडलं असतं म्हून घातले." मग पिशवी पुढ्यात ओढली, लहान कात्रीनं दोन्ही टाके उसवले आणि खिशातून ते छोटं पॅराशूट बाहेर काढलं. सुई त्याच्याही दोन घड्यांतून गेली होती.

"हे उघडलं नसतं?"

"नाही, आई," उस्ताद म्हणाले. "मग दुसरं उघडायचं."

"आन् ते न्हाई उघडलं तर?"

ती उठून चुलीकडे निघाली. मी आडवा आलो. आमचा नियम तिला सांगितला आणि म्हटलं, चूक माझी आहे, सकाळी मी बघितलं नाही, दुसऱ्याला बघू देत नव्हतो. चहा मी करणार.

"टाके कुणी घातले?" तिनं विचारलं. "मग च्या बी माझाच. सर बाजूला."

चहा आला. पहिला कप तिनं उस्तादांच्या हातात दिला. "तुमी बघितलं म्हून," एवढंच म्हणाली. मी घोट घेतला. उस्तादांनी घेतला. चहात साखर घालायची राहिली होती.

आमच्यात चूक दिसली की ती लगेच मोठ्यानं सांगायची असते. त्या दिवशी कुणी सांगितली नाही. उस्तादांनी कप पूर्ण संपवला, आणि कोल्हापूरकरानं आणखी अर्धा मागून घेतला.