चार घालून बघा की

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्ही पडलात परके, म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडतोय.

मी सांगलीत गणिताचा मास्तर होतो. दोन बिंदू दिले की त्यांतून जाणाऱ्या सरळ रेषेचं समीकरण कसं काढायचं, हे शिकवण्यात माझी हयात गेली. वायमधला फरक वर, एक्समधला फरक खाली, भागलं की रेषेचा चढ मिळतो. फक्त वर ज्या बिंदूला आधी घेतलं, खालीही त्यालाच आधी घ्यायचं. हा क्रम उलटला की चढाचा उतार होतो. बाकीच्या चुका मी पोटात घालायचो, पण ही चूक कुणी केली की छडी काढायचो. पोरं म्हणायची, मास्तर तत्त्वाचे लय कडक. तत्त्व कसलं डोंबलाचं? सांगतो. जरा दम धरा.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. फौजेतून परतलेल्या साताऱ्याच्या एका सुभेदारांची मुलगी मला सांगून आली. मी मामांना घेऊन बघायला गेलो. मामांनी मुलीला चालून दाखवायला लावलं, सुई ओवायला लावली. मला ते मागासलेपण बघवेना. मी नव्या विचारांचा ना! म्हणालो, "मी गणित घालतो." आता खरं सांगा, ह्यात नवा विचार किती आणि मिशीला पीळ किती?

सुमन — तिचं नाव सुमन — पुढच्या वर्षी मॅट्रिकला बसणार होती. सुभेदार खूश झाले.

"मास्तर, आता तुमीच सांगा," ते म्हणाले. "पोरीला डोकं असंल तर आदी परीक्षा, मग लगीन. नसंल तर ह्याच वैशाखात बार उडवू."

म्हणजे तिचं मॅट्रिक माझ्या जिभेवर. आणि जिभेवर तेव्हा पोह्यांतली मिरची.

पाटी आली. मी बिंदू दिले — पहिल्याचा एक्स दोन, वाय तीन. दुसऱ्याचा एक्स चार, वाय सात. ती पाटीवर करू लागली, मी मनातल्या मनात. मास्तरला पाटी कशाला? पण माझे डोळे पाटीवर नव्हते, ते तिच्या वेणीवर होते. मी वर दुसरा बिंदू आधी घेतला, खाली पहिला. माझं उत्तर आलं — वाय बरोबर सात वजा दोन एक्स. तिनं लिहिलं होतं — वाय बरोबर दोन एक्स वजा एक.

"चुकलं," मी म्हणालो.

तिनं मान वर केली नाही. हळूच एवढंच म्हणाली, "चार घालून बघा की."

बरोबरच होतं. एक्सच्या जागी चार घातले की वाय सात यायला हवा. न आला तर उत्तर खोटं. एवढं तरी मी घालून बघायचं होतं. पण मामा उखडले. "आवं सुभेदार, पोरगी मास्तरलाच शिकवाय लागली की!" सगळे हसले. मीही हसलो. सुभेदार तेवढे हसले नाहीत.

"मास्तर, नक्की चुकलं न्हवं?" त्यांनी विचारलं. लढाई बघून आलेला माणूस, पण आवाज अगदी मऊ.

"चुकलंच," मी म्हणालो. "पण घरकामाला चालतंय." आणि पाटी पुसली.

परतीच्या मोटारीत, कराडच्या अलीकडे, मी चार घातले. माझ्या उत्तरात उणे एक आला, तिच्या उत्तरात सात. कराडला साताऱ्याकडे जाणारी मोटार समोरच उभी होती. उतरून तीत बसायला काय हरकत होती? तोंड कसं दाखवायचं, हीच हरकत. आणि — हेही सांगूनच टाकतो — वैशाखातलं लग्न मलाही हवंच होतं. माझा चेहरा बघून मामा म्हणाले, "काय झालं रं?" मी म्हणालो, पोट दुखतंय. मामांनी ओवा दिला. गणित चुकलं म्हणून ओवा चावणारा मास्तर दुसरा कुणी झाला असेल, असं वाटत नाही.

वैशाखात लग्न झालं. परीक्षेला ती बसली नाही. दुधाचा, किराण्याचा हिशेब तोंडी करते, वाण्यालाही अडवते. पण पोरं गणित घेऊन आली की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "अण्णांना विचारा. मी पाटीवरच नापास झालेली बाई." आणि हसायची. तिला ती गंमत वाटायची. मी छडी घेऊन शाळेत जायचो आणि माझीच चूक दुसऱ्यांच्या हातावर मारायचो.

आज सकाळी शेजाऱ्यांची नात तिच्याकडे वही घेऊन आली होती. ही म्हणाली, "मला नको विचारू बाळ, मला त्यात गती न्हाई." मी समोरच होतो. वर्तमानपत्र जरा वर धरलं.

चार घातले की सात येतात. तिचे आले होते.