गौतमीनं आईलाही विचारलं

ताईबाईची गौतमी पुण्याला विद्यापीठात एम. एस्सी. करत होती. काय शिकते म्हणून न्हावऱ्यात कुणी विचारलं, की ताईबाई खुरपं न थांबवता सांगायची, "डाक्टर न्हाई वं. डाक्टरला जे कळत न्हाई, ते हुडकनारी."

२००४ च्या जानेवारीत गौतमी बर्फाचा डबा घेऊन गावी आली. रानात राबणाऱ्या बायांच्या अंगात रक्त कमी का, हा तिचा अभ्यास. रक्ताचे नमुने पुरेसे जमले तरच सर तिला पुढं संशोधनाला घेणार होते.

"मग काळजी कशाची?" बापूसाहेब म्हणाले. ताईबाई त्यांच्याच कांद्यात खुरपायला जायची. "आपल्या गावची पोर हाय. समद्या बाया आणून बशिवतो."

आणि सकाळी समाजमंदिर खरंच भरलं. ताईबाईला हायसं वाटलं. तेवढ्यात पांढरा कोट घातलेली गौतमी म्हणाली, "बापूसाहेब, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बापूसाहेब ताईबाईकडं बघत बाहेर गेले.

"बायांनो, रक्त द्यायलाच पाहिजे असं नाही. नाही म्हणालात तरी कुणाचं काम जाणार नाही. व्हय ना, बापूसाहेब?"

"व्हय, व्हय," बाहेरून आवाज आला.

सरूबाई लगेच उठली. "मंग मी जाते बया. मला सुईचं भ्या वाटतं." तिच्यामागं दुसरी, तिसरी. निम्मं समाजमंदिर रिकामं झालं.

"ताईबाई," बापूसाहेब दारातून म्हणाले, "आलेली मानसं घालवाया शिकवलं व्हय पोरीला?"

ताईबाईनं लेकीला कोपऱ्यात ओढलं. "बसल्या व्हत्या की गं! घ्यायचं व्हतं गुमान."

"असलं रक्त चालत नाही, आये."

"कुनाला कळतंय?"

"मला."

उरलेल्या बायांचं रक्त घेऊन झालं. ते पुरत नव्हतं. बर्फ पाझरायला लागला, शिरूरच्या एसटीची वेळ झाली. गौतमी डबा आवरू लागली, तर दारात सरूबाई. मागं सकाळी उठून गेलेल्या चौघीजणी.

"सकाळी धाडलं म्हनून आलते," सरूबाई म्हणाली. "आता माझी मी आले. टोच. पर मला त्वांड तिकडं करू दे."

पाचहीजणींचं घेऊन झालं. आता एकच नमुना कमी होता. गौतमी आईसमोर बसली. "ताईबाई, तुमची तयारी आहे का?"

"मला काय इचारतीस? पोटची हाईस माझ्या."

"तुलाही विचारावंच लागतं. नाही म्हणालीस तरी चालेल."

शाळेतून काढलं तेव्हा ताईबाईला कुणी विचारलं नव्हतं. लग्न ठरवलं तेव्हाही नाही. तिनं सगळ्या बायांवरून नजर फिरवली, ऐसपैस मांडी घातली.

"थांब. इचार करून सांगते."

बाहेर हॉर्न वाजला.

"आये, एसटी!"

"बापूसाहेब," ताईबाईनं हाळी दिली, "यस्टी थांबवा जरा! माझी लेक मला इचारतीया."

बाही तिनं आधीच वर सारली होती.