होल्डवर ठेवलेला कोपरा

दत्ताभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी बागेतच होते, त्यांच्याशी भांडून मिळवलेल्या वाटेवर चालत. वहिनींचा फोन आला, "बाई, हे झोपेतच गेले." मी बाकावर बसून रडले, आणि समोरच्या करंजाला लोंबणारी पिवळी चिठ्ठी दिसली तसं रडता रडता हसूही आलं... माणूसच तसा होता, त्याला काय करणार!

भाऊ मूळचे चाकणचे. तिथल्याच एका कंपनीत मालाची तपासणी करण्यात त्यांची नोकरी सरली. निवृत्तीनंतर निगडीत आमच्या शेजारी आले, पण कंपनी अंगातून गेली नाही. वहिनींची भाकरीसुद्धा उलटसुलट करून 'ओके' म्हणायचे. महापालिकेचा बागेच्या सुधारणेचा आराखडा आला आणि आमची जुंपली. मागच्या कोपऱ्यात करंज, बाभळी आणि बोरींची दाटी होती, तिथे भारद्वाजाचं घरटं होतं. आणि आराखड्यातली चालायची वाट थेट त्या दाटीतून जात होती. मला वाट हवीच होती. शाळेत शिकवताना उभं राहून राहून गुडघे गेलेले, रस्त्यावर कंपनीच्या बसगाड्यांमधून चालायची भीती वाटायची. "पक्ष्याला अख्खं आभाळ आहे, मी कुठे जाऊ?" मी तडकून विचारायचे. ते म्हणायचे, "बाई, वाट व्हईल की. पण आत पिल्लं हायेत."

काम सुरू व्हायच्या सकाळी पाहते तर कोपऱ्यातल्या झाडाझाडाला पिवळी चिठ्ठी, 'होल्ड'. शंका असलेल्या मालाला कंपनीत अशी चिठ्ठी लावतात आणि निर्णय होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. ठेकेदाराची माणसंही कधी ना कधी चाकणच्या कंपन्यांत शिफ्टमध्ये काम केलेली. त्यांनी कुदळी खाली ठेवल्या. मुकादम मला म्हणाला, "होल्ड हाय. वरून ऑर्डर आल्याबिगर न्हाई जमायचं." वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि ऑर्डरवाले दत्ताभाऊ शेजारी बसून सगळ्यांना चहा पाजत होते!

महापालिकेचे इंजिनिअरसाहेब आले, चिडले, मग हसले. तेवढ्या वेळात भाऊंनी मला फांद्यांआडून पिल्लं दाखवली, दोन काळी, कुरूप, आ वासलेली. माझा राग विरघळला, वाटेचा हट्ट मात्र नाही. छत्रीच्या टोकाने मी मातीत रेघ ओढली, कोपऱ्याला बाहेरून वळसा घालणारी. साहेबांना ती पटली. पुढे घरट्यावर उजेड पडू नये म्हणून तिथले दिवेही खाली तोंड करून बसवले. भाऊ खूश. "बाई, तुमचं चालणंबी वाढलं!"

वाट झाली, पिल्लं उडाली, तरी करंजावरची चिठ्ठी काही निघाली नाही. पावसात विरली की भाऊ नवी बांधायचे, खाली 'तपासणारा' म्हणून झोकदार सही. "सुधारणा पुन्ना येत्यातच, बाई," म्हणायचे. आणि आलीच. आता त्याच कोपऱ्यात व्यायामाची यंत्रं बसवायचं घाटतंय. वहिनींनी उरलेल्या चिठ्ठ्या माझ्याकडे दिल्या. परवा मी एक बांधली. 'तपासणारा'पाशी पेन अडखळलं... भाऊंची फार आठवण आली. मग मी माझी सही ठोकली.

काल तोच मुकादम मोजमापाची टेप घेऊन आला. चिठ्ठी वाचून म्हणाला, "ही सही भाऊंची न्हाई."

"माझी आहे," मी म्हणाले.

त्याने टेप गुंडाळून खिशात घातली. "मग होल्ड हाय," म्हणाला आणि बाकावर माझ्याशेजारी बसला. मी त्याच्यासाठी चहा सांगितला.